दर्या, दऱ्या आणि दुरुस्ती: सॉफ्टवेअर नेमकं कुणाचं ऐकतं?

‘सह्याद्रीच्या दर्या’ असं छापलेलं दिसलं की मराठी माणूस अडखळतो. दर्या म्हणजे समुद्र. सह्याद्रीत असतात त्या दऱ्या. फरक एका र-चा. एका शब्दात तो रफार होऊन डोक्यावर चढतो, दुसऱ्यात आडवा होऊन पुढच्या य-ला चिकटतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ट्रेकच्या ग्रुपसाठी मी एक चार पानी पत्रक करत होतो. फाँट फुकटचा, ओपन सोर्स, दिसायला देखणा. पत्रक छापून हातात आलं तेव्हा कळलं, की त्यातल्या झाडून सगळ्या दऱ्यांचे समुद्र झालेत.

त्या फाँटचे बग, म्हणजे चुका, जिथे नोंदवतात तिथे जाऊन मी तक्रार लिहिली. दोन दिवसांत उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसावी, कारण त्याने विचारलं होतं, या दोन्हींतलं चुकीचं कुठलं? मी स्क्रीनशॉट काढला, लाल गोल केला आणि लिहिलं: हा समुद्र आहे, मला दरी हवी आहे. त्याच रात्री त्याने दुरुस्ती केली. ती माझ्या लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी ओपन सोर्स प्रणाली) रीतसर पोचायला मात्र सात महिने लागले. आधी फाँटचं नवं व्हर्जन निघायचं, मग ते लिनक्सवाल्यांनी उचलायचं, मग त्यांचं सहामाही रिलीज यायचं. मला धीर नव्हता, मी फाइल थेट उतरवून घेतली. घेता आली, हे इथे लक्षात ठेवा; पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास माझी मावशी एका पतसंस्थेत काउंटरवर बसायची. तिथे विकतचं सॉफ्टवेअर होतं, वर्षाला देखभालीचे पैसे वेगळे. संध्याकाळी पिग्मी एजंट पैसे आणि पावत्या आणून द्यायचे आणि मावशी त्या एकेक करून भरायची. एक पावती भरून एंटर दाबलं की कर्सर थेट फॉर्मच्या माथ्यावर, खात्याच्या प्रकारावर जाऊन बसायचा. तिथून खातेक्रमांकापर्यंत यायला नऊ वेळा टॅब. रोजच्या सव्वाशे-दीडशे पावत्या, म्हणजे हजाराच्या वर टॅब नुसते कर्सर ओढून आणायला. “त्यांना सांगितलं रे,” मावशी म्हणायची, “पुढच्या व्हर्जनला बघू म्हणाले.” पुढचं व्हर्जन आलं. त्यात मॅनेजरच्या पडद्यावर ठेवींचा रंगीत आलेख आला होता. कर्सर होता तिथेच होता.

ओपन सोर्स चांगलं की कंपनीचं, हा वाद घालणारे लोक दोन्ही बाजूंचे माझ्या ओळखीत आहेत आणि दोघांकडे भरपूर दाखले असतात. मी हल्ली एकच गोष्ट मोजतो. ज्याला दुखतंय तो माणूस आणि ज्याच्या हातात दुरुस्ती आहे तो माणूस, या दोघांत अंतर किती?

आधी ‘ओपन सोर्स’ म्हणजे काय ते उरकून घेऊ. प्रोग्रामर जे लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो. मग तो यंत्राला चालेल अशा रूपात बदलतात, याला कंपाइल करणं म्हणतात. गहू दळून पीठ करावं तसं. पिठाच्या पोळ्या होतात, पण पिठातून गहू परत निवडता येत नाही, खडा होता का ते बघता येत नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर घेता तेव्हा बहुतेक वेळा तुम्हाला पीठ मिळतं. ओपन सोर्समध्ये पिठाबरोबर गहूही मिळतो आणि तो निवडायची, बदलायची, पुन्हा दळून दुसऱ्याला द्यायची परवानगी लायसन्समध्ये लिहून मिळते. फुकट असणं हा त्यातला दुय्यम भाग. फुकट असूनही बंद असलेली कितीतरी ॲप तुमच्या फोनमध्ये आत्ता असतील.

ही परवानगी कुणाला का हवीशी वाटली, याची गोष्ट एका प्रिंटरची आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा आणि प्रिंटर असायचा दुसऱ्याच मजल्यावर. माणूस जिने चढून जायचा आणि बघायचा तर काहीच छापलेलं नसायचं. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये फेरफार करून, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप येईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरला तेच करायचं तर सोर्स कोड हवा होता, आणि तो मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने न देण्याचं वचन देऊन ठेवलं होतं. दुखणारा आणि दुरुस्त करू शकणारा इथे एकच माणूस होता, मध्ये फक्त एक करार आडवा आला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमनने जीएनयू प्रकल्प जाहीर केला, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येईल असं सॉफ्टवेअर लिहायचा. त्यामागच्या रागात हा कागदही अडकलेला होता.

आता कंपनीच्या बाजूचं बोलू, कारण ती बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. पगार दिला की माणूस कंटाळवाणं कामही करतो. चाचण्या घेणं, मदतीची पानं लिहिणं, अंध वापरकर्त्यांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयी तपासणं, अनोळखी माणसाला समोर बसवून तो कुठे अडतो ते मुकाट्याने बघत राहणं, ही कामं हौसेखातर करणारे थोडे. शिवाय कंपनी मनावर घेते तेव्हा सगळं जहाज वळतं. २००० नंतरच्या एक-दोन वर्षांत विंडोजला एकामागून एक व्हायरसने हैराण केलं होतं. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्सने मायक्रोसॉफ्टच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं, की नवी सोय आणि सुरक्षा यांत निवडायची वेळ आली तर सुरक्षा निवडा. ऑक्टोबर २००३ पासून दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी द्यायची पद्धत सुरू झाली, ती अजून चालू आहे. हजारो लोकांना असा एक आदेश देऊन वळवणं स्वयंसेवकांच्या मेळ्यात जमत नाही.

पण कंपनी ऐकते ती कुणाचं? जो पैसे देतो त्याचं, आणि त्यातही मोठ्या ग्राहकाचं आधी. पतसंस्थेत पैसे संचालक मंडळ देत होतं, सही मॅनेजर करत होता, टॅब मावशी दाबत होती. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस तीन महिन्यांतून एकदा यायचा आणि चहा मॅनेजरच्या केबिनमध्ये प्यायचा. त्याला बेफिकीर म्हणता येणार नाही. तो त्याच्या ग्राहकाचं मन लावून ऐकत होता. मावशी ग्राहक नव्हती एवढंच. ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात जे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला छळतं, त्यातल्या बऱ्याचशा छळाचं मूळ इथे सापडेल.

दुसरा प्रकार असा, की वापरणारे कोट्यवधी असतात आणि ज्यांना दुखतं ते त्यात मूठभर. एक्सेलचं उदाहरण मला फार आवडतं. माणसाच्या काही जनुकांची छोटी नावं SEPT2, MARCH1 अशा धाटणीची, म्हणजे उच्चारात सेप्ट-२, मार्च-१ होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल मदतीच्या उत्साहात त्यांची तारीख करून टाकायचं: २ सप्टेंबर, १ मार्च. मूळ नाव गेलं ते गेलंच. शास्त्रज्ञांनी हा घोळ २००४ मध्येच लेख लिहून मांडला होता. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नियम बदलले आणि जनुकांचंच बारसं पुन्हा केलं. मार्च-१ चं ‘मार्चएफ-१’ झालं. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायचं बटण एक्सेलमध्ये आलं २०२३ मध्ये. माणसाच्या जनुकाचं नाव बदलणं हे स्प्रेडशीटचा स्वभाव बदलण्यापेक्षा सोपं ठरलं.

इथे ओपन सोर्सवाल्यांनी टाळ्या पिटायच्या आधी एक सांगतो. कॅल्क या ओपन सोर्स स्प्रेडशीटनेही हीच खोड उचललेली होती. लोकांना एक्सेलसारखं हवं असतं, म्हणून एक्सेलची वाकडी पावलंही गिरवावी लागतात. खुद्द एक्सेलने तेच केलेलं आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेलला आजही २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख मान्य आहे, कारण त्याच्या आधी बाजारात असलेल्या लोटस १-२-३ मध्ये ती चूक होती आणि लोटसच्या फाइल जशाच्या तशा उघडायला हव्या होत्या. जुन्या वापरकर्त्याचं ऐकणं म्हणजे कधी कधी त्याच्या सवयीच्या चुका जपणंही असतं.

ओपन सोर्समध्ये ऐकण्याची रीत वेगळी. तक्रार कुणीही लिहू शकतं, ती जगाला दिसते, तिच्यावरची चर्चाही दिसते. पण ऐकायला कुणी बांधील नसतं. ज्याला ज्याची खाज तो ते खाजवतो. माझ्या दऱ्या दोन दिवसांत दुरुस्त झाल्या कारण त्या माणसाला देवनागरीचं ते कोडं गमतीचं वाटलं. नसतं वाटलं, तर? मोझिला ब्राउझरमध्ये, फायरफॉक्स जन्मायच्याही आधी, २००२ साली एक बग नोंदवला गेला: चिन्हावर माउस नेला की येणारी छोटी माहितीची चिठ्ठी, दुसऱ्या प्रोग्रामकडे गेलं तरी वर तशीच तरंगत राहते. लोकांना दिसायची, चिडवायची, पण कुणाचं काम अडायचं नाही. ती २०२३ मध्ये एका स्वयंसेवकाने दुरुस्त केली. एकवीस वर्षं सोर्स कोड जगासमोर उघडा होता.

अशा वेळी मिळणारं ठराविक उत्तर म्हणजे “पॅच पाठवा, घेऊ.” म्हणजे दुरुस्ती तुम्हीच करून आणा. प्रोग्रामरला हे आमंत्रण वाटतं. मावशीला ते दार तोंडावर आपटल्यासारखं वाटलं असतं. ओपन सोर्समध्ये प्रोग्रामरांची स्वतःची हत्यारं, म्हणजे डेटाबेस, सर्व्हर, कंपायलर, दृष्ट लागावी इतकी चांगली झाली, आणि छपाईचा ड्रायव्हर किंवा सेटिंगचा पडदा रडत राहिला, याचं कारण तेच अंतर. डेटाबेस वापरणारा आणि लिहिणारा एकाच जातकुळीचे. हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणारा कारकून आणि ते लिहिणारा, यांची गाठ कधी पडत नाही.

‘पुरेसे डोळे असले की कुठलाही बग खोल राहत नाही’, हा लिनक्सच्या लायनस टोरवाल्ड्सच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. ऐकायला छान. पण डोळे असू शकतात आणि डोळे बघतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओपनएसएसएल हे तुमचा ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद ठेवणाऱ्या प्रोग्रामांपैकी एक, इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरांवर बसवलेलं. त्यात एक सोय आली: मध्येच समोरच्याला विचारायचं, ‘आहेस ना? असशील तर “पोहे” हा शब्द परत पाठव, दोन अक्षरांचा आहे.’ तो ‘पोहे’ पाठवतो, जोडणी जिवंत आहे हे कळतं. चूक अशी, की सांगितलेली लांबी खरी आहे का ते कुणी तपासतच नव्हतं. ‘“पोहे” परत पाठव, चौसष्ट हजार अक्षरांचा आहे’ असं म्हटलं की सर्व्हर निमूटपणे पोहे आणि त्यापुढे स्वतःच्या स्मरणात जे काही पडलं असेल ते, लोकांचे पासवर्डसुद्धा, वाढून द्यायचा. हा कोड ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री सामील झाला, मार्च २०१२ मध्ये जगभर गेला, आणि ७ एप्रिल २०१४ ला ‘हार्टब्लीड’ या नावाने उघडकीला आला. दोन वर्षं. त्या काळात ओपनएसएसएलला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. वापरणाऱ्या कंपन्या अब्जाधीश. डोळे सगळ्यांकडे होते, बघणं मात्र दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं.

योगायोग बघा, हार्टब्लीडच्या दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिल २०१४ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार काढून घेतला, म्हणजे तिच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. जगात अजून कोट्यवधी संगणक एक्सपीवर चालत होते, पण मालकाने संपलं म्हटलं की संपलं. पीठ संपलं आणि गहू कुणाकडे नाही. उघड्या कोडचं खरं बळ मला इथे दिसतं, चुका कमी होण्यात नाही. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली तेव्हा ओपनऑफिस हा पत्रं, तक्ते करायचा ओपन सोर्स संच त्यांच्या ताब्यात गेला. तिथे काम करणाऱ्या मंडळींना पुढची लक्षणं ठीक वाटेनात. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी सगळा कोड उचलून वेगळी चूल मांडली, तिचं नाव लिब्रेऑफिस. आज लिनक्स बसवलं की बहुतेक वेळा सोबत तेच येतं. अशी चूल रोज मांडत नाहीत, घर मोडतं त्यात. पण मांडता येते हे मालकाला ठाऊक असलं की तो जरा ऐकून घेतो.

दर्जा आकड्यांत मोजायचे प्रयत्नही झालेत. कव्हरिटी नावाची कंपनी प्रोग्रामकडून प्रोग्राम तपासून घ्यायची. त्यांच्या २०१३ च्या अहवालात हजार ओळींमागे दोष ओपन सोर्समध्ये ०.५९ आणि कंपन्यांच्या कोडमध्ये ०.७२ निघाले, आदल्या वर्षी ते ०.६९ आणि ०.६८ होते. म्हणजे जवळजवळ बरोबरी. शिवाय यंत्राला दिसतात ते दोष वेगळे. मावशीचे नऊ टॅब त्या यंत्राच्या हिशेबी दोषच नव्हते.

आता मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारी गोष्ट. एक्सझेड हे फाइल दाबून छोट्या करणारं एक लहानसं ओपन सोर्स साधन, लिनक्सच्या पोटात सगळीकडे असलेलं. सांभाळणारा माणूस एकटा, स्वतःच्या वेळात करणारा. २०२२ मध्ये त्याच्यावर तक्रारी येऊ लागल्या: पॅच किती दिवस पडून आहेत, वापरणाऱ्यांची तुम्हाला पर्वा नाही, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने कळवलं, की त्याची मानसिक प्रकृती बरी नसते आणि हे काम बिनपगारी आहे. हळूहळू जिया टॅन नावाने कामं करणाऱ्या, मदतीला तत्पर अशा एका सहकाऱ्याच्या हाती चाव्या गेल्या. ते तक्रार करणारे बहुधा सोंगं होती. २०२४ मध्ये त्या सहकाऱ्याने ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत एक चोरदरवाजा दडवला. ‘वापरकर्त्यांचं ऐका’ हे वाक्यच कटाचं हत्यार झालं होतं.

तो सापडला कसा, तेही ऐका. आंद्रेस फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो; नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. वेग मोजताना त्याला दिसलं, की दुसऱ्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. त्याने खोदत खोदत एक्सझेडपर्यंत माग काढला आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. अर्धा सेकंद ज्याला खुपला त्याच माणसाला कोड उघडून बघता येत होता. अंतर शून्य. त्या दिवशी ते शून्य नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही.

तुलनेला त्याच वर्षीची दुसरी तारीख. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे केले; आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतला. इतकं चटकन प्रतिसाद देणं फक्त पगारी फौजेलाच जमतं. पण पडलेल्या संगणकांपाशी माणसाने जाऊन ते एकेक करून उठवावे लागले, त्याला दिवसचे दिवस गेले.

हे दोन तंबू आहेत असं मी इथवर लिहिलं खरं, पण तंबूंच्या दोऱ्या कधीच्या एकमेकींत गुंतल्यात. लिनक्सच्या गाभ्यातला बहुतांश कोड आज इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी लोक लिहितात. रेड हॅटला आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतलं. त्याच रेड हॅटच्या पुण्याच्या ऑफिसात लोहित हे आपल्या भाषांचे फाँट घडले आहेत. तिथे अंतर छान कमी होतं: ‘दऱ्या’ वाचणारा माणूसच दुरुस्ती करणारा.

म्हणून कुणी विचारलं, अमुक सॉफ्टवेअर घेऊ का, तर मी त्याच्या बगांची यादी बघतो, आणि यादी नसेल तर तोही एक जबाब धरतो. यादी लांब असली म्हणून घाबरत नाही. शेवटचं उत्तर कधीचं आहे ते बघतो. विकतचं असेल तर विचारतो, पुढच्या व्हर्जनमध्ये काय यायचं ते कोण ठरवतं आणि रोज बोटं झिजवणारा माणूस त्या बैठकीत असतो का. आणि बग कळवायचाच तर नीट कळवा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, चित्र जोडा, चिडचिड गिळा. पलीकडचा माणूस जेवण आटोपून, रात्री अकरा वाजता, बिनपगारी ते वाचत असण्याची शक्यता बरीच असते.

मावशी निवृत्त झाली. तिच्या जागी आलेल्या मुलीने दुकानातून एक असा माउस आणला, की एक बटण दाबलं की नऊ टॅब एकदम पडतात. सॉफ्टवेअर तेच आहे.

माझ्या दऱ्यांची नोंद तिथेच होती, ‘बंद’ असा शिक्का मारून. मध्यंतरी तिच्याखाली एका नेपाळी माणसाने लिहिलं: आमचा ‘गर्‍यो’ ठळक अक्षरात अजून तुटतो. त्याने चित्र जोडलं होतं, लाल गोल करून. शिक्का काढून नोंद पुन्हा उघडली आहे.